निरोप दिला होता

पांढरकवडा, ९ ऑक्टोबर २०१७

सुनील,

नावाआधी काही लिहीत नाही. आजपर्यंत जे लिहायची सवय होती, ते आज हाताला येत नाही.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, आपल्या शेतकऱ्यांच्या 'बांधावर' साइटवर ब्लॉक केलंस. जीपवाल्या पूनमसिंगच्या तोंडी निरोप पाठवला तर त्यालाच झापलंस. म्हणून हे पत्र पोस्टात टाकतोय. फाडायचं असेल तर फाड, पण त्यासाठी हातात तर घ्यावं लागेल.

आज सकाळी दुकानात बाबूसिंग आला होता. तुमच्याच तांड्याचा, तुझा लांबचा मामा. मी चौथीत होतो तेव्हापासून हा माणूस आपला फवारणीचा पंप अब्बांकडे आणतो. आला की स्टुलावर बसतो, चहा मागवतो, "मिस्त्री, पंपाच्या आधी तूच रिपेरीले आला" म्हणून अब्बांची खेचतो. आज पायरीखालीच उभा राहिला.

"मिस्त्री, माहा पंप देऊन द्या."

अब्बा म्हणाले, "खोलला आहे बाबूसिंग. दुपारनंतर घेऊन जा."

"जसा आहे तसा द्या."

अब्बांनी सुटे भाग एका पिशवीत भरले. एकही वायसर राहू नये म्हणून टेबलाखाली वाकून पाहिलं. पिशवी दिली. बाबूसिंगनं अब्बांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. जाताना मात्र मोबाईल काढून दुकानाच्या पाटीचा फोटो काढला. 'मोहिउद्दीन पंप रिपेरिंग.' कोणाला पाठवला असेल, तूच सांग.

असे अकरा पंप गेले. ही तुझी कमाई.

१७ सप्टेंबर, रविवार. तू यवतमाळच्या दवाखान्यातून 'बांधावर'वर लिहिलंस. मला पाठ आहे: "माझे वडील अमरसिंग राठोड काल फवारणी करताना पडले. त्यांच्या डोळ्यांना दिसत नाही. पंपाचं झाकण गळून औषध पाठीवर सांडत होतं. हा पंप दोनच दिवस आधी पांढरकवड्याच्या मोहिउद्दीन मिस्त्रीनं दुरुस्त करून दिला होता. झाकण गळतं हे त्यानं सांगितलंसुद्धा नाही. त्याच्याकडे कोणी जाऊ नका." खाली अमरसिंगकाकांचा खाटेवरचा फोटो, नाकात नळी.

कोण्या ऐऱ्यागैऱ्यानं हे लिहिलं असतं तर लोकांनी दुसऱ्या दिवशी सोडून दिलं असतं. पण तू लिहिलंस. कृषी पदविका झालेला सुनीलभाऊ, जो दोन वर्षांपासून पानाच्या फोटोवरून कपाशीचा रोग सांगतो, एक पैसा न घेता. तुझ्यावर लोकांचा विश्वास आहे. तो तू माझ्या बापाच्या अंगावर टाकलास.

आणि ते खोटं आहे. अब्बांनी काकांना तोंडावर सांगितलं होतं की झाकणाचं रबर गेलं आहे, नवीन रबर सोमवारी येईल, तोवर पंप पाठीवर घेऊ नका. काका ऐकणार नाहीत म्हणून तुलाही निरोप द्यायला लावला. निरोप दिला होता, सुनील. दिला होता. मग तू काहून लिहिलंस?

कलीम


पांढरकवडा, १७ ऑक्टोबर २०१७

सुनील,

उत्तर नाही आलं. येईल असं वाटलंही नव्हतं.

लोक मला विचारतात, साइट तुझी, चावी तुझ्याजवळ, मग ती पोस्ट तू पुसली का नाहीस? तूही हे विचारत असशील. सांगतो.

पहिल्या दिवशी नाही पुसली, कारण मला जिंकायचं होतं. पुसली असती तर लोक म्हणाले असते, बापाला लपवलं. मला तू सगळ्यांसमोर चुकलेला पाहिजे होतास. तुझी पोस्ट पडल्यावर अकराव्या मिनिटाला मी पहिलं उत्तर लिहिलं. तू त्यावर लिहिलंस, मी त्यावर लिहिलं. तू म्हणालास, "दुकानात बसून बोलणं सोपं आहे, माझा बाप इथं आंधळा पडला आहे." मी म्हणालो, "तुझ्या बापाला फवारायला आम्ही नव्हतं सांगितलं." चार दिवस हेच चाललं. मी जेवताना लिहिलं, गिऱ्हाइकाच्या कॉलेजची वेबसाइट अर्धवट टाकून लिहिलं. अम्मी म्हणाली, "किससे लड रहा?" मी म्हणालो, कामाचं आहे.

आता ऐक. 'बांधावर' बनवताना तूच म्हणाला होतास, ज्याच्यावर बोलणं चालू आहे ते वर दिसलं पाहिजे, नाहीतर शेतकऱ्याचा प्रश्न खाली दबून जातो. मी तशी ओळ लिहिली. ज्या पोस्टीखाली ताजं उत्तर, ती पोस्ट सगळ्यांत वर. मोठ्या कंपन्या हजार माणसं बसवून हेच करतात, मी इथं दुकानाच्या माडीवर एकट्यानं केलं आणि छाती फुगवून फिरलो.

परवा मी मोजलं. तुझ्या पोस्टीखाली दोनशे चौदा उत्तरं. त्यातली त्रेसष्ट माझी. माझ्या प्रत्येक उत्तरानं तुझी पोस्ट उचलून पुन्हा वर ठेवली. केळापूर, झरी, मारेगाव, कुठूनही कोणी 'बांधावर' उघडलं की पहिल्यांदा माझ्या बापाचं नाव. ते तिथं चार दिवस मी धरून ठेवलं होतं. माझ्याच लिहिलेल्या ओळीनं.

हे कळल्यावर मी कळफलक भिंतीवर आपटला. तुझ्यावरचा राग त्यानं कमी झाला नाही. उलट वाढला.

कारण तिसऱ्या दिवशी त्या पोस्टीखाली कोणीतरी लिहिलं, "ही माणसं मुद्दाम करतात, आपल्या लोकांना मारायला." नाव खोटं, फोटो फुलाचा. तुला तो कोण ते माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तू ते वाचलंस. मला माहीत आहे, कारण त्याच्यानंतर नऊ मिनिटांनी तू मला उत्तर दिलंस. त्याला एक शब्द नाही. "हे चुकीचं आहे, मिस्त्री असे नाहीत," एवढं तुझ्या बोटांतून निघालं नाही. माझ्या घरी ईदला जेवलास, अम्मीच्या हातचा शिरखुर्मा डब्यात भरून तांड्यावर नेलास, आणि नऊ मिनिटं तू ते वाक्य तसंच राहू दिलंस.

त्या रात्री मी ते वाक्य पुसलं. पण तोवर त्याचा फोटो निघाला होता. तुझी पोस्ट, काकांचा फोटो आणि ते वाक्य, तिन्ही एकाच चित्रात. ते माझ्या साइटवरून बाहेर पडलं आणि लोकांच्या मोबाईलवरून हिंडायला लागलं. तिथं माझी चावी चालत नाही.

२६ सप्टेंबरला फिजा कॉलेजमधून येत होती. माझी बहीण यवतमाळला अप-डाऊन करते हे तुला माहीत आहे, तिला बी.एस्सी.ला घाला म्हणून अब्बांशी तूच भांडला होतास. एसटीत मागच्या सीटवरच्या एका पोरानं तिच्यासमोर मोबाईल धरला. "हा तुझाच बाप ना?" तिनं ओढणीनं तोंड झाकलं. तर त्यानं तिचा व्हिडिओ काढला. बसमध्ये चाळीस माणसं होती. आता तो व्हिडिओही त्या चित्रामागं जोडून येतो.

त्या दिवसापासून ती कॉलेजला गेली नाही.

हे तुला कोणी सांगितलं नसेल. म्हणून सांगतोय.

कलीम


पांढरकवडा, ५ नोव्हेंबर २०१७

सुनील,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, निरोप दिला होता. चौदा तारखेला, गुरुवारी, अब्बांनी काकांना पंप दिला. काका गेल्यावर मला खालून हाक मारली. "सुनील को फोन कर. बोल, बाप को सोमवार तक फवारने मत देना. अमरसिंग सुननेवाला आदमी नहीं."

मी फोन केला नाही. माझं काम चालू होतं, डोकं त्यात होतं. फोन केला की तू काकांची तब्येत सांगणार, कापसाचं सांगणार, अर्धा तास जाणार. म्हणून 'बांधावर'च्या खासगी खान्यात तुला दोन ओळी टाकल्या. मनात म्हटलं, तो तिथं दिवसभर बसलेलाच असतो.

अब्बांनी विचारलं, "फोन किया क्या?"

मी म्हणालो, "किया, अब्बा."

सतरा तारखेला तुझी पोस्ट वाचल्यावर मी सगळ्यांत आधी काय केलं माहीत आहे? उत्तर नंतर लिहिलं. आधी साइटच्या आत जाऊन पाहिलं, तू माझा निरोप उघडला होतास का. नव्हता उघडला. तुझ्या खान्यात तीनशे चाळीस न वाचलेले निरोप पडले होते. सगळी बोंडअळी, पानांचे फोटो, 'भाऊ कोणतं औषध मारू'. माझ्या दोन ओळी त्यांच्याखाली. एका वेळी फक्त वरचे वीस दिसतात, बाकीचे खाली सरकतात. तेही मीच तसं बनवलं आहे.

म्हणजे भांडण सुरू व्हायच्या आधी मला माहीत होतं की तुला काही माहीत नव्हतं. तरी मी त्रेसष्ट वेळा लिहिलं.

आणखी एक. चार दिवस लिहिताना मला मधूनच वाटायचं, अब्बांनी तरी काकांना खरंच सांगितलं असेल का? की मी म्हणालो तसंच, 'किया' म्हणून? माझ्या बापावर मी संशय घेतला, सुनील. खोटं बोलणारा घरात मी होतो आणि नजर त्यांच्याकडे लावून बसलो होतो.

मागच्या रविवारी अब्बांना सांगितलं. ते नोझल साफ करत होते. हात थांबला, पुन्हा सुरू झाला. पण तेव्हापासून ते मला कोणताच निरोप सांगत नाहीत. स्वतः दुकानातून उठून फोन लावतात आणि रस्त्यापलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलतात.

त्याच दिवशी मी 'बांधावर'वर माझ्या नावानं लिहिलं. मला फोन करायला सांगितलं होतं, मी केला नाही, अब्बांशी खोटं बोललो, सुनीलला निरोप मिळालाच नव्हता. सगळं. एकोणीस जणांनी वाचलं. उत्तर एकाचंही नाही. उत्तर नाही म्हणून ते खाली जात राहिलं. दोन तासांत कापसाच्या भावाच्या खाली, खताच्या जाहिरातीच्या खाली. तुझी पोस्ट अकरा हजार लोकांनी पाहिली आहे. मी ती मोजायची सोय केली आहे ना, म्हणून आकडा माहीत आहे.

मी साइटवरची उत्तरं बंद केली आहेत.

हे सगळं लिहिलं म्हणून मी तुझ्यापुढे हात जोडतोय असं समजू नको. मी फोन केला नाही, हा माझा गुन्हा. पण माझ्या बापाला विचारल्याशिवाय तू त्यांचं नाव तालुक्यासमोर टाकलंस. तुझ्याजवळ पण फोन होता. आमच्या दुकानाचा नंबर त्या पाटीवर वीस वर्षांपासून आहे.

कलीम


पांढरकवडा, २ डिसेंबर २०१७

सुनील,

परवा मी तांड्यावर गेलो होतो. चंदाकाकूंनी तुला सांगितलं असेल किंवा नसेल. तू झरीला मीटिंगला गेला होतास. तू नाहीस हे पूनमसिंगला विचारूनच मी निघालो, खोटं कशाला सांगू.

अडीच महिन्यांत मी एकदाही काकांना पाहायला गेलो नव्हतो. काका यवतमाळच्या दवाखान्यात अठरा दिवस होते. एसटीनं दीड-दोन तास. तेवढ्या वेळात मी दहा उत्तरं लिहिली असतील.

काकूंनी पाणी दिलं. बस म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. काका अंगणात खाटेवर होते, काळा चष्मा लावून. समोरच्या वावरात कपाशीची पऱ्हाटी उभी, बोंडं काळी पडलेली, वेचायला कोणी नाही.

"कोन होय?"

"कलीम."

मला वाटलं आता शिव्या देतील. मी त्या खायला तयार होऊन आलो होतो.

"मिस्त्री कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. फोन केला नाही ते, खोटं बोललो ते. म्हटलं, "काका, मी फोन केला असता तर सुनीलनं तुम्हाला अडवलं असतं."

"बस," ते म्हणाले. मग चष्मा काढला. डोळे लाल होते, पाणी गळत होतं. "मिस्त्रीनं मले सांगितलं होतं. गुरुवारीच सांगितलं. रबर गेलं आहे, सोमवारी ये, तोवर पाठीवर घेऊ नको."

मी खाटेच्या पायाशी खाली बसलो.

"बोंडात अळी घुसून राह्यली होती, कलीम. सोमवार कोण पाहते? झाकणाले प्लास्टिकची पन्नी बांधली अन् गेलतो. दुपारपर्यंत पाठ ओली होती. मले वाटलं घाम आहे."

"मग सुनीलला का नाही सांगितलं?"

"त्यानं इचारलं ना. दवाखान्यात. बा, मिस्त्री काही बोलला होता का? म्या मान हालवली. नाही म्हणून."

"काहून, काका?"

"काहून म्हणजे? दोन वर्सं झाले, माहा पोरगा साऱ्या तालुक्याले सांगून राह्यला, तोंडाले फडकं बांधा, गळका पंप घेऊ नका. अन् त्याचाच बाप गळका पंप घेऊन पडला. त्याच्या तोंडाकडं पाह्यलं अन् हो म्हणवलं नाही. संध्याकाळी चंदानं सांगितलं का त्यानं मोबाईलवर लिवलं. मंग कसं फिरवू? सारे म्हणले असते, सुनील खोटा."

"आणि माझा बाप?"

मी ओरडलो, सुनील. आजारी माणसावर, त्याच्या अंगणात. काकू चुलीपासून धावत आल्या. "माझ्या बापाचं दुकान बसलं. माझी बहीण घरात बसली. तुम्हाला एक मान हलवायला काय झालं होतं?"

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हातांआडूनच म्हणाले, "त्याले नको सांगू. तो माह्यासाठी भांडला."

मी हो म्हणालो नाही. तसाच निघालो. फाट्यापर्यंत चालत आलो आणि सगळा रस्ता तुला, काकांना आणि स्वतःला शिव्या घालत होतो.

घरी येऊन मी हे 'बांधावर'वर लिहिलं. सगळं, काकांच्या तोंडच्या शब्दांसकट. अब्बांचं नाव एका फटक्यात साफ झालं असतं. बटण दाबायचं बाकी होतं. मग मला दिसलं, पुढं काय होईल ते. काकांचा तोच नळीवाला फोटो, त्यावर नवीन मजकूर. 'दुसऱ्याला शिकवतो, बाप पाहा.' कोणीतरी तांड्यावर येऊन काळ्या चष्म्यातला फोटो काढेल. हसतील. मला हे कसं चालतं ते माहीत आहे, माझं पोट त्यावर आहे. मी ते पुसलं.

म्हणून हे फक्त या कागदावर आहे. तू वाचशील आणि मला माहीत असेल, तिसऱ्या कोणाला नाही. काकांना मी वचन दिलं नव्हतं, त्यामुळे ते मोडलंही नाही.

तुझी पोस्ट अजून तिथंच आहे. मी हात लावलेला नाही. आता काय करायचं ते तू कर. तुझ्या बापाला तू जे विचारायचं ते विचार, पण या वेळी त्यांच्या खाटेवर बसून विचार आणि फोन खिशात ठेव.

कलीम


पांढरकवडा, १४ जानेवारी २०१८

सुनील,

काल तू दुकानात आलास तेव्हा मी माडीवर होतो. तुझा आवाज ओळखला. खिडकीला आलो नाही.

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, चहावाला होता. बाबूसिंगला तू सोबत आणलं होतंस, तेही मला वरून कळलं, त्याच्या खोकल्यानं. तू म्हणालास, "चाचा, तुम्ही माह्या बाले सांगितलं होतं. बा आता बोलला. मी खोटं लिहिलं. तुम्हाले न विचारता लिहिलं." अब्बांनी पाना टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "अमरसिंगले आता दिसते का?"

"एका डोळ्यानं दिसते. दुसऱ्यानं अंधुक."

"बस. चाय घे."

तू चहा घेतलास. माझं विचारलंस. अब्बा म्हणाले, वर हाय. तू जिन्याशी येऊन उभा राहिलास. मी इकडं दाराशी उभा होतो. तू वर चढला नाहीस, मी खाली उतरलो नाही. मग तुझी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

अब्बा वर आले. तेवीस पायऱ्या, गुडघा धरून. "उतरा क्यूं नहीं?"

मी म्हणालो, "ग्यारह हजार लोगों को बोला था उसने. आज पाँच-छह को बोला."

"मेरे को बोला ना," अब्बा म्हणाले. "बात खतम." आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला काम सांगितलं. नागपूरच्या दुकानदाराला फोन कर, दोन डझन रबरं मागव. मी त्यांच्यासमोर उभा राहून फोन केला.

दुपारी पाहिलं तर 'बांधावर'वरची तुझी पोस्ट गेली होती. तिच्या जागी तू चार ओळी लिहिल्या आहेस, अब्बांची माफी मागितली आहेस, काकांचं नाव न घेता. बरं लिहिलं आहेस. बाबूसिंगनं आज पंप परत आणून टाकला आणि स्टुलावर बसला.

अब्बांचं संपलं असेल. माझं नाही. ते चित्र काल हिंगणघाटहून आमच्या मावसभावाच्या मोबाईलवर आलं, व्हिडिओसकट. पाठवणाऱ्याला तू कोण, मी कोण, काही माहीत नाही. तुझ्या चार ओळी त्याच्यापर्यंत पोचणार नाहीत. मी वेबसाइट बनवतो, मला विचार. त्या कधीच पोचणार नाहीत.

फिजाची नोव्हेंबरची परीक्षा गेली. उन्हाळ्याच्या परीक्षेचा फॉर्म कपाटावर पडला आहे, ती भरत नाही. अम्मीनं विचारलं, मी विचारलं, अब्बांनी विचारलं. "मेरे को बस में नहीं बैठना," एवढंच म्हणते. तू आल्याचं सांगितलं तर उठून आत गेली. तुला भाई म्हणायची ती.

मला तुझी माफी नको. पुढं आपलं काय ते मला आज सांगता येत नाही, कदाचित काहीच नाही. पण तू अब्बांसमोर जे बोललास ते तिच्यासमोर बोल. फोनवर नाही, लिहून नाही. घरी ये, तिच्यासमोर बस, आणि ती जे काय बोलेल ते ऐकून घे.

कधी यायचं ते विचारायची गरज नाही. ती हल्ली दिवसभर घरीच असते.

कलीम